थोरलीचं काय झालं?

परभणीत हौशी नाटक करायचं म्हणजे आधी माणसं जमवा. एकाची बदली होते, दुसऱ्याच्या घरी नेमकं तालमीच्या आठवड्यात लग्न निघतं, तिसऱ्याचं दुकान रात्री दहाशिवाय बंद होत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत तालमीपेक्षा फोनच जास्त होतात. याला कंटाळून आमच्या सरांनी (म्हणजे दिग्दर्शकांनी; अर्ध्या परभणीचे ते सर आहेत) एका वर्षी सांगून टाकलं, यंदा एकपात्री करायचं आणि ते तू करायचं. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. रोज वर्गात एकटीच बोलत असते, त्यामुळे मी त्यांना सोयीची वाटले असणार.

मराठवाड्यात एकपात्री म्हटलं की माणूस हसायच्या तयारीनंच खुर्चीत बसतो. त्याला कारण प्रा. लक्ष्मण देशपांडे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' त्यांनी एकट्यानं उभं केलं, 52 पात्रं, सगळी आपल्या बोलीतली, आणि गिनीज बुकापर्यंत नेलं. आमच्याकडच्या कितीतरी घरांत त्याची कॅसेट झिजेपर्यंत ऐकली गेली आहे. त्यामुळे मी एकपात्री करतेय म्हटल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "विनोदी आहे ना?" दुसरा आला, "किती पात्रं?" विषय सांगितल्यावर मात्र तिसरा प्रश्न लवकर येईना.

विषय होता हंसा वाडकर. मला आपलं वाटत होतं, सर जनाबाईवर करू म्हणतील. गंगाखेड हाकेच्या अंतरावर, देणगीदारही मिळाले असते. सिनेमातल्या नटीवर, तेही इतकं मोकळं आयुष्य जगलेल्या बाईवर नाटक करायला परभणीत पैसा कोण देणार? (कुणी दिला नाही. आमच्याच खिशातून झालं.)

रतन साळगावकर हे तिचं मूळ नाव. 1923 चा जन्म, मुंबईतला, कलावंतिणींच्या घराण्यातला. घराला पैसा हवा म्हणून शाळकरी वयातच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. 1936 चा 'विजयाची लग्ने' हा पहिला सिनेमा. मग बॉम्बे टॉकीज, मग प्रभात, 1941 ला 'संत सखू', 1947 ला 'लोकशाहीर राम जोशी' आणि त्यातली बया ही भूमिका, 1950 ला 'पुढचं पाऊल', 1959 ला 'सांगत्ये ऐका', जो पुण्याच्या विजयानंद थिएटरला शंभराहून जास्त आठवडे चालला. तमाशापट नावाची जी लाट मराठीत पुढे कैक वर्षं राहिली, तिच्या तोंडालाच ही बाई उभी आहे. त्याच गाजलेल्या नावानं 1970 साली तिचं आत्मकथन आलं, शब्दांकन अरुण साधूंचं. आणि 1971 ला ती गेली. पन्नाशीसुद्धा गाठली नाही.

सरांनी बोट ठेवलं ते यातल्या कुठल्याच सिनेमावर नाही. संसाराला विटून ती एका माणसाबरोबर निघून गेली आणि तीन वर्षं त्याची तिसरी बायको म्हणून राहिली. कुठं? मराठवाड्यातल्या एका खेड्यात. शेवटी सुटकेसाठी, ज्याला सोडून आली त्या नवऱ्यालाच निरोप धाडावा लागला. आणि त्या सुटकेच्या कागदांवर सही करायला गेली तेव्हा ज्याच्यापुढं न्याय मागायचा त्या मॅजिस्ट्रेटनंच तिच्यावर बलात्कार केला.

"हे आपल्याकडं झालंय," सर म्हणाले. "अन् मुंबई-पुण्याची माणसं हा भाग दोन वाक्यांत उरकतात. त्यांना काय, त्यांचा स्टुडिओ त्यांना माहीत. वाडा आपल्याला माहीत आहे."

मला पटलं ते एवढ्या एका वाक्यावर.

पुढची पायरी कागदांची, ती लवकर सांगते. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या लिखाणाचे हक्क राहतात. त्यामुळे पुस्तकातलं वाक्य उचलायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी हवी. आम्ही पत्र घातलं, अट मान्य केली, परवानगी आली. तरीही सरांचा नियम होता की पुस्तकातल्या घटना घ्यायच्या, वाक्यं शक्यतो नाहीत. माझ्या तोंडी तिची छापील वाक्यं आली की मी धडा वाचल्यासारखी बोलते, असं त्यांचं म्हणणं. ते खरं होतं, वर्गात मी तशीच वाचते. संहिता पक्की झाल्यावर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे गेली, तिथून प्रमाणपत्र आलं. अनेकांनी भीती घातली होती की कोर्टाच्या प्रसंगावर लाल रेघ येणार. आली नाही.

खरी मारामारी संहितेशी होती. आयुष्यावरचं एकपात्री म्हणजे बहुतेक वेळा काय होतं? म्हातारी झालेली नटी आरशापुढं बसते, जुन्या फोटोंवरची धूळ पुसते आणि सांगू लागते: मग मला अमुक सिनेमा मिळाला, मग तमुक साहेब म्हणाले. मध्ये एक गाणं, शेवटी डोळ्यांत पाणी, टाळ्या. मला अशी नाटकं बघवत नाहीत. त्यात बाई कमी आणि तिची फाइल जास्त असते. शिवाय प्रश्न उरतोच, ती हे सगळं सांगतेय कुणाला? रिकाम्या खोलीत शहाणं माणूस इतकं सविस्तर बोलत नाही.

सरांनी आणि मी यावर चहाच्या टपरीवर बरेच दिवस घालवले. पत्रकार समोर बसलाय अशी सोय करता आली असती; ती सगळेच करतात. मग एकदा सखूचा विषय निघाला. कऱ्हाडची सखू, सासूचा छळ, पंढरीला जाऊ नये म्हणून तिला खांबाला बांधलं, आणि तिच्या जागी विठ्ठल स्वतः बांधून उभा राहिला. ही सखू जिनं पडद्यावर केली, तीच पुढं एका वाड्यात अडकून पडली आणि तिच्या जागी उभं राहायला कुणी आलं नाही. सर एकदम गप्प झाले आणि म्हणाले, "खांब. रंगमंचावर फक्त खांब. ती खांबाशी बोलेल."

मी म्हटलं, विठ्ठलाशी म्हणा की. "नाही," म्हणाले, "खांबाशीच. विठ्ठल आला तर नाटक संपलं."

आता खांब हवा. नांदेड रस्त्याला जुन्या वाड्यांचं लाकूड विकणारे आहेत. वाडे पडतात, वाटण्या होतात, आणि तुळया, चौकटी, खण उतरवून इथं उन्हात रचून ठेवतात. तिथं एक सागवानी खांब मिळाला, वर केळफुलाची कोरीव कड, खाली तळखड्यात बसणारा गोल भाग उंदरांनी कुरतडलेला. छातीएवढ्या उंचीवर लाकूड काळं आणि गुळगुळीत होतं. पिढ्यान्पिढ्या बायकांनी तिथं पाठ टेकून धान्य निवडलं असणार, लेकरं पाजली असणार. केसांचं तेल मुरून तो पट्टा तुळतुळीत झाला होता. सरांनी हात फिरवला आणि भाव न करताच पैसे काढले. अडचण अशी की तो चौघांना उचलेना. शेवटी सुतारानं उभा चिरला, दर्शनी अर्धा भाग लोखंडी चौकटीवर बसवला, तेव्हा कुठं तो छोट्या हत्तीत (म्हणजे छोट्या टेम्पोत) मावला. तेलाचा पट्टा मात्र मी प्रेक्षकांच्या बाजूला ठेवायला लावला.

तालमी सुरू झाल्यावर पहिली ताकीद: 'भूमिका' बघायचा नाही. श्याम बेनेगलांचा 1977 चा सिनेमा याच आत्मकथनावरून आलेला, स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सर म्हणाले, "तू बघितलास की स्मिताची मान तुझ्या मानेवर बसेल." मी तो कॉलेजात असताना बघितलेलाच होता, त्यामुळे ताकिदीला तसा अर्थ नव्हता. पण पुन्हा लावला नाही. हंसाबाईंचे जुने सिनेमे जेवढे मिळाले तेवढे बघितले. त्यांचा आवाज भरदार नाही, पण वाक्याचा शेवट त्या पाडत नाहीत, वर ठेवतात. तेवढंच उचलायचं ठरवलं. नक्कल करायला घेतली की तासाभरात ती मिमिक्री होते.

लावणीचं काय करायचं, हा मोठा पेच. नटीचं आयुष्य आहे, बया आहे, लावणी नसली तर लोक पैसे परत मागतील असं आमचा ढोलकीवाला म्हणे. 'सुंदरा मनामध्ये भरली' ही रचना राम जोशींची, म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली, तिच्यावर कुणाचा हक्क नाही. सिनेमातली चाल मात्र सिनेमाची, ती टाळली. आणि नाचायचं कुणी? माझे गुडघे जिना चढतानाच बोलतात.

एक मावशी भेटल्या. उमेदीची वर्षं तमाशाच्या फडात घालवलेल्या, आता लेकाकडे राहतात. लेकाला आवडणार नाही म्हणून त्या दुपारी, तो कामावर गेल्यावर शिकवायच्या. पहिल्या दिवशी मी नऊवारी नेसून उभी राहिले, त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि सगळं सोडायला लावलं. "कासोटा आसा घालत असतेत का? बसली की सुटंल." मग स्वतः गुडघ्यावर बसून त्यांनी निऱ्या मांड्यांमधून मागं घेतल्या, ओच्याला एक जादा पीळ दिला, आणि तो पीळ कमरेच्या करगोट्यात असा अडकवला की पुढं दीड तास मी बसले, उठले, लोळलेसुद्धा, पण तो हलला नाही. चाळ बांधायला त्यांनी दिलंच नाही. म्हणाल्या, "तुला नाचाया येत नाही, लपवू नको. बसून कर." बैठकीची लावणी, पायांचं काम कमी, हात आणि नजर. मी राम जोशीतली बया कशी नाचलीय ते मोबाईलवर दाखवलं. मावशींनी निवांत बघितलं आणि एवढंच बोलल्या, "पडद्यावरच्या बाईला पाय नस्तेत गं. त्वांडच दावतेत नुस्तं."

हे वाक्य मी संहितेत जसंच्या तसं घेतलं, मावशींना विचारून. नाव घालू नको म्हणाल्या.

गाण्यांवरून आठवलं. प्रत्येक प्रयोगानंतर कुणीतरी काका गाठतातच: "'बुगडी माझी सांडली गं' का नाही घेतलं?" काका, ते 'सांगत्ये ऐका'तलं आहे हे बरोबर, पण पडद्यावर ते जयश्री गडकरांचं. हंसाबाई त्या सिनेमात आहेत, त्या गाण्यावर नाहीत. हे सांगितलं की काका थोडे नाराज होतात, जणू मीच ते गाणं हंसाबाईंकडून काढून घेतलं.

वाड्याच्या प्रसंगाला भाषा कुठली, यावरही खल झाला. हंसा बोलेल मुंबईची, पण वाड्यातल्या बायका आमच्याकडचं बोलणार. मला ती बोली येते, पण शिकवण्याच्या नादात जीभ वळेनाशी झालेली. मी आत्याबाईंना वाचून दाखवायला लागले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढं, जिंतूरकडचं माहेर. माझ्या "तू इथे कशाला आलीस?"वर त्या म्हणाल्या, "आसं कोण बोलतंय? 'कामून आलीस गं बाई?' म्हण." त्यांनीच मग ढाळज (दारालगतची पुरुषांची बैठक), बळद (धान्य साठवायची जागा), माळवद (मातीचं सपाट छत), देवळी (भिंतीतला कोनाडा) हे सगळं जागच्या जागी बसवून दिलं: बाईमाणसानं ढाळजेत यायचं नाही, माळवदावर जायचं ते तिन्हीसांजेनंतर, पुरुषांची पंगत उठेस्तोवर सोप्याला यायचं नाही. मोठ्या घरांतून गोषा, म्हणजे बायकांना पडदा, असायचा. विहीर वाड्यातच, म्हणजे पाण्याच्या निमित्तानंही बाहेर पाऊल नाही. मी विचारलं, तुम्हाला हे इतकं कसं ठाऊक? तर म्हणाल्या, "माय धाकटी व्हती माझी. थोरलीला लेकरू नव्हतं म्हणून आणली."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला माहीत नव्हतं.

सुरुवातीचे प्रयोग बरे झाले. परभणीत ओळखीचे आले, नांदेडला कुसुम सभागृहात अनोळखी आले आणि शेवटपर्यंत बसले, हे जास्त समाधानाचं. तांत्रिक कटकटी म्हणाल तर माईकची. कॉलरचा माईक पदराला लावला की पदर घासून खरखर येते, ठुशीजवळ लावला की मण्यांची टिकटिक अख्ख्या सभागृहात. शेवटी केसांत, कपाळाच्या वर, आंबाड्याच्या पिनेखाली तो लपवला आणि वायर पाठीवरून खाली सोडली. एकाच साडीवर तिन्ही रूपं करायची होती. कासोट्यात बया, खांबाआड जाऊन कासोटा सोडला आणि साडी गोल फिरवून घेतली की सखू, मग तोच पदर डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढला की वाडा. हा शेवटचा पदर ओढताना वायर अडकली की मान वाकडी करून पुढचं सगळं बोलावं लागे. प्रेक्षकांना तो अभिनय वाटायचा. एका परीक्षकांनी त्या मानेचं कौतुकही केलं.

कोर्टाचा प्रसंग आम्ही दाखवत नाही. हंसा सही करायला वाकते, पेन घेते, दिवे जातात, आणि अंधारात ती नुसता पत्ता सांगते: कुठल्या दारानं आत गेली, टेबल कुठं, खिडकी कुठं, दार कुणी लावलं. एवढंच. त्यात रडणं नाही. तिच्या आत्मकथनाचा सूरच तसा आहे, झालं ते झालं म्हणून सांगते, दया मागत नाही. तालमीत मला दरवेळी रडू यायचं आणि सर दरवेळी थांबवायचे. "तू रडलीस की बघणारा मोकळा होतो. होऊ देऊ नको."

मग एका तालुक्याच्या गावी नवरात्रात बोलावणं आलं. सभागृह नाही, म्हणाले, आमच्या वाड्यात करा, चौक मोठा आहे. आम्ही खांब नेला तर तिथं आधीच सोळा खांब उभे. सरांनी आमचा खांब छोट्या हत्तीतून उतरवूच दिला नाही. तिथलाच एक घेतला, तुळशीच्या समोरचा. पुरुष चौकात सतरंजीवर, बायका वर माळवदाच्या कठड्याला टेकून. खालून त्यांचे चेहरे दिसत नव्हते, नुसत्या बांगड्या ऐकू येत. मध्येच वीज गेली. जनरेटर होता, पण तो सुरू करणारा प्रसादाला गेला होता. कुणीतरी दोन कंदील आणून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवले, आणि वाड्याचा सगळा प्रवेश मी त्यात केला. माईक बंद, ढोलकी बंद. त्या चौकात कुजबुजलेलंही वर पोचत होतं.

संपल्यावर पुरुषांचे प्रश्न नेहमीचे. गाव कोणतं? कुणाचा वाडा? त्या माणसाचं घराणं अजून आहे का? हे सगळीकडे विचारतात. मी सांगत नाही. नाटक त्या माणसाबद्दल नाही, त्याच्या नातवंडांनी रस्त्यात मान खाली घालावी म्हणून तर मुळीच नाही. एकानं तर अंदाजही बांधला, जोरात नाव घेऊन, आणि दुसऱ्यानं लगेच ते खोडून तिसरं नाव घेतलं. मी चहा मागितला.

वर बायकांनी बोलावलं म्हणून जिना चढून गेले. एक खूप म्हाताऱ्या बाई, कठड्याशी पाय पसरून बसलेल्या. त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. मला वाटलं, कोर्टाबद्दल बोलतील, बहुतेक बायका त्याबद्दलच बोलतात, हळू आवाजात. त्यांनी विचारलं, "थोरलीचं काय झालं मग?"

मला कळेना. कोण थोरली?

"ही नटी गेली निघून. तिला नवरा व्हता, शिनिमा व्हता, पोलीस आले न्यायाला. त्या दोघी ऱ्हायल्या का न्हाई तिथंच? थोरलीला कोण आलं न्यायाला?"

आजूबाजूच्या बायका हसल्या नाहीत. एकजण म्हणाली, आजी दरवेळी असंच विचारतेत, रामायण ऐकून ऊर्मिलेचं विचारतेत. पण आजी माझ्याकडे बघत होत्या आणि मला द्यायला उत्तर नव्हतं. आमच्या संहितेत त्या दोघींचं काम एवढंच: "कामून आलीस?" म्हणायचं आणि हंसाला एकटं पाडायचं.

परतीच्या वाटेवर गाडीत सरांशी भांडण झालं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही. मी म्हटलं, थोरलीला जागा द्यायची. सर म्हणाले, हे हंसाचं नाटक आहे, तिच्या आयुष्यात त्या बायका तीन वर्षंच होत्या, आणि आपल्याला त्यांच्याबद्दल काही माहीत नाही, काल्पनिक घालायचं तर चरित्र कशाला म्हणायचं? मुद्दा खोटा नव्हता. पण मला असं वाटत होतं की त्यांच्याबद्दल कुणालाच काही माहीत नसणं, हेच तर आमच्याकडच्या वाड्याचं वैशिष्ट्य. नटीनं पुस्तक सांगितलं म्हणून आपल्याला तिची तीन वर्षं कळली. थोरलीची सगळी वर्षं तिथंच गेली, आणि ती ऐकायला कुणी वहीपेन घेऊन बसलं नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं दुसरं लग्न बेकायदा ठरलं, ते चांगलंच झालं; पण त्या आधी आणलेल्या बायका कुठल्या कायद्यात बसत होत्या? त्या आपापल्या खोलीत बसल्या होत्या.

मी लिहायला घेतलं. हंसाबाईंचा एक शब्द त्यात नाही, आणि त्या घरातल्या कुणाबद्दल काही गृहीतही धरलेलं नाही. आत्याबाईंना विचारत गेले. त्यांच्या थोरल्या आईबद्दल. त्यांना 'जिजी' म्हणायचे सगळे. धाकटीला मूल झालं की न्हाऊमाखू घालायला जिजीच. बारशाला पुढं यायची बंदी तिलाच. कोठीच्या किल्ल्या जिजीच्या कमरेला. त्या किल्ल्या आयुष्यभर तिच्याकडे राहिल्या आणि घरात तिचं म्हणून तेवढंच होतं. आत्याबाई सांगायच्या आणि मध्येच थांबून पोळ्यांकडे वळायच्या, मी वाट बघायची. एकदा म्हणाल्या, "जिजीला शिनिमा लई आवडायचा. परभणीला कुणी जाऊन आलं की सारी ष्टोरी सांगाय लावायची. येकदा बी गेली न्हाई."

ही गोष्ट ऐकल्यावर प्रवेश आपोआप सुचला. वाड्यात नवी बाई आलीय. थोरलीला ठाऊक आहे की ही सिनेमातली. सगळ्यांसमोर ती तिच्याशी तुटकच बोलते. पण रात्री, जात्यापाशी, कुणी नाही असं बघून विचारते: ते पडद्यावर बाई बोलती ती खरीच आत बसलेली असती का? सखूला बांधलं तेव्हा दोर कसला होता, काथ्याचा का सुताचा? लागलं का? आणि हंसा, जी तोवर वाड्यात गप्प गप्प असते, तिला सगळी 'संत सखू' करून दाखवते. आवाज न करता. थोरली एकटीच प्रेक्षक.

सरांनी वाचलं. पान उलटून पुन्हा वाचलं. म्हणाले, "सात मिनिटांच्या वर जाता कामा नये." आणि जाहिरातीत, शिवाय सुरुवातीच्या निवेदनात स्पष्ट सांगायचं की हा प्रवेश आमचा आहे, आत्मकथनातला नाही. ते आम्ही दरवेळी सांगतो. संहिता बदलली म्हणून ती परत परिनिरीक्षणाला पाठवावी लागली, तो वेळ गेला.

आता तो प्रवेश सात मिनिटांत बसत नाही. बायका जास्त असल्या की मी नकळत लांबवते. सर विंगेतून घड्याळ दाखवतात. थोरलीसाठी मी साडीत काही बदल करत नाही, नुसती कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवते. तो आत्याबाईंनी दिला, जिजीचाच. माईक केसांत असूनही त्याची खळखळ थोडी पकडली जाते, आणि ढोलकीवाल्याचं मत आहे की तिथं ढोलकी नकोच.

औरंगाबादेला (नवं नाव छत्रपती संभाजीनगर, तोंडात अजून जुनंच येतं) प्रयोगानंतर नाट्यशास्त्राच्या एका मुलीनं चांगलं टोकलं. म्हणाली, मॅडम, थोरली आली तेव्हापासून हंसा थोडी मागं पडली, तुम्ही तिच्यापेक्षा थोरलीवर जास्त जीव टाकता. सरांनी माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं. मी तिला म्हटलं, बघ, हंसाबाईंना करायला पुढंही कितीजणी येतील. ती म्हणाली, हे काही उत्तर नाही. नव्हतंच.

आत्याबाई प्रयोगाला एकदाच आल्या, सेलूला. पहिल्या रांगेत बसवलं होतं. लावणीला तोंड फिरवून बसल्या. सुनेला असं बघणं त्यांना जड गेलं असावं. थोरलीच्या वेळी चष्मा पुसत होत्या. घरी आल्यावर मी पाय चेपता चेपता विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, "जिजी डाव्या अंगाला किल्ल्या लावायची. तू उजवीकडं लावलीस."

पुढच्या प्रयोगापासून डावीकडं लावते. त्यामुळे खांबाला टेकताना जुडगा लाकडाला लागतो आणि आवाज वाढलाय. सर म्हणतात काढून टाक. मी सध्या तरी ऐकलेलं नाही.